घरी जोडलेले विमान

विमान हा शब्द कानी पडला की प्रचंड कारखाना, शेकडो कारागीर आणि कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री यांचे चित्र आपल्या मनात उभे राहते. सायकल घरी दुरुस्त करावी, रेडिओ घरी जोडावा, फार तर एखाद्या हौशी गृहस्थाने जुनी मोटार अंगणात उभी करून तिचे इंजिन खोलावे, इथवर आपली कल्पना सहज जाते. परंतु मोटार ठेवण्याच्या खोलीत, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी खपून, एखादा शिक्षक किंवा डॉक्टर स्वतःच्या हातांनी विमान तयार करतो आणि मग त्यात बसून उडतो, हे ऐकणाऱ्याला सहसा खरे वाटत नाही. तरीही ते खरे आहे. व्हॅन्स या एकट्या अमेरिकन कंपनीच्या सुट्या भागांच्या संचांपासून हौशी माणसांनी जोडलेली ११,००० हून अधिक विमाने आजवर आकाशात गेली आहेत.

आपल्याकडे हा छंद फारसा रुजलेला नाही. मात्र त्याच्याशी आपला जो काही संबंध आला, तो प्रामुख्याने बंगळूरच्या द्वारे आला. तेव्हा असे विमान जोडले कसे जाते, त्याची निगा कशी राखावी लागते आणि बंगळूरने या कामातून काय मिळवले, याचा आज थोडक्यात विचार करू.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. घरी विमान करणाऱ्यांचे तीन वर्ग पडतात. काही जण आराखड्यापासून सारे स्वतःच करतात. मुंबईतील कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. कांदिवलीतील चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतील प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. गच्चीपासून आकाशापर्यंतचा मार्ग किती लांबीचा असतो, हे या तीन सालांवरूनच कळावे. दुसरा वर्ग दुसऱ्याने काढलेला आराखडा विकत घेऊन त्याबरहुकूम भाग घडवणाऱ्यांचा. तिसरा वर्ग कारखान्यात कापलेले, वाकवलेले, भोके पाडलेले भाग पेटीत भरून आणणाऱ्यांचा. यालाच संचाचे विमान म्हणतात. अमेरिकेचा नियम असा की, अशा विमानाच्या बांधणीतील निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेले असले पाहिजे. नियमातील 'शिक्षणासाठी' हा शब्द विसरण्याजोगा नाही.

पेटी उघडल्यावर आत दिसतात ते ॲल्युमिनियमचे पत्रे, बरगड्यांसारखे वळवलेले आधार, नळ्या, तारा, शेकडो बोल्ट आणि हजारो रिव्हेट. बहुतेक जण आरंभ शेपटीपासून करतात. शेपूट लहान असते, तिचे भाग थोडे असतात आणि काम बिघडले तर तेवढेच पुन्हा करता येते. पत्र्याला भोक पाडले की त्याच्या कडेला धातूची बारीक धार उरते. ती कानशीने अथवा तत्सम हत्याराने काढून कड गुळगुळीत करावी लागते. काम कंटाळवाणे, पण ते टाळले तर त्या धारेपासूनच पुढे चीर पडू लागते. ॲल्युमिनियमचा स्वभावच असा आहे की, लहान ताण लाखो वेळा येत राहिले तर ते हळूहळू थकते, आणि थकलेल्या धातूची पहिली चीर बहुधा भोकाच्या कडेला उमटते.

रिव्हेटचे डोके पत्र्याशी सपाट बसावे आणि वाऱ्याला अडथळा होऊ नये, म्हणून भोकाची कड खोलगट दाबून घेतात. याच क्रियेने २०२३ साली मोठा गोंधळ माजला. वर उल्लेखिलेल्या कंपनीने काही भागांची भोके यंत्राने पाडण्याऐवजी लेझर किरणांनी कापून घेतली होती. ती दाबताना त्यांच्या कडेला चिरा पडू शकतात, असे आढळून आले. असंख्य भाग बदलून द्यायची पाळी आली, कंपनीला त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला आणि पुढल्या वर्षी ती त्यातून सावरली. तात्पर्य एवढेच की, भाग कारखान्यातून आला म्हणून जोडणाऱ्याने डोळे मिटून घ्यायचे नसतात. संचाबरोबर भाग येतात. जबाबदारी मात्र जोडणाऱ्याचीच राहते.

बोल्ट आवळण्याची गोष्टही अशीच. कमी आवळला तर तो सैल होऊन हलू लागतो, जास्त आवळला तर तो आतून ताणला जाऊन कमजोर होतो. म्हणून किती जोराने आवळले हे दाखवणारा टॉर्क पाना वापरतात. जिथे सांधा फिरता असतो, उदाहरणार्थ सुकाणूच्या बिजागरीशी, तिथे नुसत्या आवळण्यावर विसंबत नाहीत. तिथला नट किल्ल्याच्या तटासारखा खाचा असलेला असतो. त्या खाचेतून व बोल्टच्या भोकातून एक दुटांगी पिन घालून तिची टोके वळवतात. दुसऱ्या ठिकाणी पिळलेली तार अशा बेताने बांधतात की, बोल्ट सैल होऊ पाहील तर तार त्याला उलट आवळण्याच्या दिशेने ओढील. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढतात. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे, हे लांबूनच कळते.

सगळे जोडून झाल्यावर विमान तोलायचे असते. त्याच्या तीनही चाकांखाली तीन काटे ठेवतात आणि तिन्ही वजनांवरून गुरुत्वमध्य कुठे आहे ते काढतात. तराजूच्या दांडीचे तत्त्वच इथे लागू पडते. गुरुत्वमध्यापासून ३ मीटर मागे, शेपटीशी, केवळ ५ किलो वजन वाढले तर त्याचा तोल साधायला १ मीटर पुढे १५ किलो ठेवावे लागतील. शेपटीला हौसेने दिलेला रंगाचा जादा हातसुद्धा म्हणूनच हिशेबात धरावा लागतो. गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला तर विमानाचे नाक आवरणे कठीण होते, आणि हे वैमानिकाला कळते तेव्हा तो जमिनीवर नसतो.

बंगळूरसारख्या गावी आणखी एक हिशेब करावा लागतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्यामुळे साध्या इंजिनाची शक्ती जवळजवळ एक दशांशाने घटते; पंखांना मिळणारा आधारही कमी पडतो, आणि एप्रिलच्या उन्हात तर दोन्ही अधिकच. म्हणून मुंबईला जेवढ्या धावेवर विमान उचलते, तेवढ्या धावेवर ते बंगळूरच्या जक्कूर येथील धावपट्टीवर उचलणार नाही. संचाबरोबर आलेल्या पुस्तकातील आकडे समुद्रसपाटीचे असतात. आपल्या गावचे आकडे आपणच काढायचे असतात.

आता बंगळूरचा इतिहास पाहू. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. महायुद्ध चालू होते आणि विमानाचा आराखडा करण्याचा अनुभव आपल्याकडे नव्हता. तेव्हा आरंभ कशाने झाला? अमेरिकेतून हार्लो जातीच्या शिकाऊ विमानांचे भाग आणून जोडण्याने. असे पहिले विमान १९४१ साली उडाले. पुढल्या वर्षी कर्टिस हॉक जातीचे लढाऊ विमान जोडले गेले. त्याच वर्षी हा कारखाना सरकारच्या ताब्यात गेला आणि युद्ध संपेपर्यंत त्याचे मुख्य काम राहिले ते विमानांच्या दुरुस्तीचे. हे काम पाहणाऱ्याला दुय्यम वाटेल; पण शेकडो विमाने खोलून पुन्हा जोडणाऱ्या हातांनी कोणता भाग कुठे झिजतो, कुठे गंजतो आणि कुठे मोडतो, याचा धडा गिरवला.

त्या धड्याचे फळ १९५१ च्या ऑगस्टमध्ये दिसले. जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली अभ्यास केलेले मराठी शास्त्रज्ञ डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान बंगळूरच्या आकाशात उडाले. परक्यांचे भाग जोडण्यापासून स्वतःचे विमान आखण्यापर्यंत दहा वर्षे लागली. १९५८ साली पुष्पक हे लहान, कापडाच्या आवरणाचे विमान तयार झाले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून पुढे कित्येक वर्षे तरुण त्यावर उडायला शिकले.

हाच क्रम पुन्हा एकदा घडला. अमेरिकेतील बर्ट रुटान यांनी लाँग-ईझी नावाच्या दोन आसनी विमानाचा आराखडा हौशी लोकांसाठी विकायला काढला होता. त्याचा लहान पंख पुढे, मोठा मागे आणि इंजिन पाठीशी. धातूऐवजी फोमच्या गाभ्यावर काचतंतूंचे कापड राळेने चिकटवून त्याचे अंग बनवीत. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने या घरगुती आराखड्याच्या आधारे एक हलके संशोधन-विमान बांधले आणि १९८७ साली ते उडवले. एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने हौशी माणसाचा आराखडा हाती घेण्यात कमीपणा मानला नाही, ही मोठीच गोष्ट म्हणायची. काचतंतूंची विमाने कशी करावीत, हे ती त्यातून शिकली. पुढे तिचे स्वतःचे हंसा हे विमान १९९३ साली उडाले, आणि त्याची नवी आवृत्ती २०२१ साली.

दुसऱ्या बाजूने बंगळूरने संच घेतले एवढेच नव्हे, तर दिलेही. तिथल्या राज हंस या कंपनीने एक्स-एअर नावाचे, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे व शिवलेल्या कापडी आवरणाचे हलके विमान संचाच्या रूपाने परदेशी पाठवले. ब्रिटन आणि फ्रान्समधील हौशी लोकांनी आपापल्या कोठारांत ती विमाने जोडली. बंगळूरमध्ये कापलेली नळी इंग्लंडमधल्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या गोठ्याशेजारी बसवावी, हे चित्र आपण सहसा मनात आणत नाही.

इतके सांगितल्यावर या छंदाची काळी बाजू लपवणे योग्य होणार नाही. १९३३ साली फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी एक चिमुकले विमान बनवले. त्याच्या नावाचा अर्थ 'आभाळातली ऊ'. ते कसे बांधावे याचे पुस्तक त्यांनी १९३४ साली काढले आणि ज्याला पेटी ठोकता येते त्याला हे विमान करता येईल, अशा विश्वासाने शेकडो लोक कामाला लागले. मग एकामागून एक अपघात झाले. फ्रान्स व ब्रिटन येथे प्रत्यक्ष विमान वातविवरात ठेवून पाहिले, तेव्हा कळले की नाक विशिष्ट कोनापलीकडे खाली झुकले की पुढच्या व मागच्या पंखांमधून जाणारा वारा त्याला वर येऊच देत नाही. वैमानिकाने काहीही केले तरी विमान जमिनीकडेच जाई. आज सरकारी परवानग्यांना लागणाऱ्या विलंबाबद्दल हौशी लोकांची तक्रार असते, आणि पुष्कळदा ती रास्तही असते. परंतु नियम मुळात का झाले, हे त्या अपघातांच्या यादीत लिहिलेले आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ते बंगळूरला बांधलेल्या त्याच लाँग-ईझी आराखड्याचे आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ या जातीच्या विमानासह समुद्रात कोसळून मृत्युमुखी पडले. विमान त्यांनी बांधलेले नव्हते. ते त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. मूळ आराखड्यात पेट्रोलची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या पुढ्यात, पायांच्या मध्ये होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवायची तर सुकाणू सोडून अंग वळवावे लागे. पेट्रोल थोडे होते आणि टाकी बदलण्याची वेळ आली ती जमिनीपासून थोड्याच उंचीवर असताना. चौकशी मंडळाने वैमानिकाचे चित्त विचलित झाले हे जसे कारण दिले, तसा त्या कळीच्या विचित्र जागेवरही ठपका ठेवला.

या घटनेचा नीट विचार करावा. बांधणाऱ्याने कळ हलवली ती बैठकीच्या भागात पेट्रोलच्या नळ्या येऊ नयेत, अशा चांगल्या हेतूनेच. त्याला तिची जागा अंगवळणी पडली असेल. पण विमानाचा मालक बदलतो तेव्हा बांधणाऱ्याची सवय त्याच्याबरोबर निघून जाते आणि केलेला बदल मात्र विमानात राहतो. म्हणून या छंदात सर्वांत महत्त्वाचे साधन जर कोणते असेल, तर ती नोंदवही होय. कोणता भाग कोणत्या दिवशी बसवला, किती आवळला, कुठे आराखडा सोडला आणि का सोडला, हे सारे तीत लिहायचे. काम करणाऱ्याच्या सहीखाली तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाची सही घ्यायची. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. मुद्रिते तपासणाऱ्या लेखकांना याचा अनुभव असतोच.

बांधणी केव्हातरी संपते. निगा मात्र विमान उडते आहे तोवर संपत नाही. नव्या विमानाला अमेरिकेत पहिले २५ ते ४० तास उतारूवाचून, ठरलेल्या क्षेत्रातच उडवून पाहावे लागते. त्यानंतर ठरावीक तासांनी तेल बदलणे, स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहणे, इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणे, सुकाणूच्या तारा बोटाने चाचपून एखादा तंतू तुटला आहे काय हे बघणे, अशी कामे ओळीने येतात. निदान वर्षातून एकदा विमानाची सर्व झाकणे उघडून आतला कोपरा न् कोपरा दिव्याने तपासतात. कापडी आवरण उन्हाने कुजते, म्हणून त्याची ताकद मोजावी लागते. काचतंतूंच्या अंगावर नाण्याने टकटक करीत जातात. बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसेच हे आहे. आवाज खणखणीत आला तर ठीक; बद्द आला तर आतला थर सुटला आहे. अशी विमाने बहुधा पांढरी रंगवतात, त्यामागेही कारण आहे. गडद रंग ऊन शोषतो आणि फार तापलेली राळ मऊ पडते.

आपल्या हवामानात पावसाळ्याची चिंता वेगळी. विमान चार महिने छपराखाली उभे राहिले की पोलादी भागांना गंज चढतो, नळ्यांत कुंभारमाश्या मातीची घरे करतात आणि न फिरलेले इंजिन आतून ओलावते. म्हणजे न वापरलेले विमान सुरक्षित असते, हा समज खरा नव्हे. त्यात आता इंधनाचा प्रश्न आला आहे. लहान विमानांच्या काही इंजिनांना मोटारीचे पेट्रोल चालते. परंतु आपल्या पंपांवरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि लहान विमानांत फार प्रचलित असलेल्या रोटॅक्स ९१२ या इंजिनाला त्याच्या निर्मात्यांनी १० टक्क्यांचीच मर्यादा घातली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि काही टाक्यांच्या आतला लेप व सांध्यांचे रबर यांना ते मानवत नाही. विमानाचे खास पेट्रोल वापरावे, तर त्यातील शिशाचा साका इंजिनात जमतो आणि तेल अधिक वेळा बदलावे लागते. यातून कोणता मार्ग धरायचा, हे मालकाला आपल्या इंजिनाचे पुस्तक वाचूनच ठरवावे लागते.

एवढा व्याप कोणी कशासाठी करावा, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. पैसे वाचवण्यासाठी करावा, असे म्हणता येणार नाही. उडण्याचीच हौस असेल तर क्लबाचे विमान भाड्याने घेणे सोपे. पण जो विमान जोडतो त्याला प्रत्येक झाकणाखाली काय आहे हे माहीत होते, आणि ज्याला हे माहीत आहे तोच त्याची निगा नीट राखू शकतो. अमेरिकेत तर बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवाना मिळू शकतो. बंगळूरचा अनुभवही हेच सांगतो. हार्लोचे भाग जोडल्यावाचून एचटी-२ झाले नसते आणि रुटानचा आराखडा गिरवल्यावाचून हंसाची वाट इतकी सुकर झाली नसती.

आपल्या अभियांत्रिकी विद्यालयांतून दरवर्षी हजारो विद्यार्थी विमानविद्येची पुस्तके वाचून बाहेर पडतात. त्यांतल्या अनेकांनी एकही रिव्हेट स्वतः ठोकलेला नसतो. एखाद्या विद्यालयाने किंवा फ्लाइंग क्लबाने एक संच आणावा, तो अनुभवी तपासनिसाच्या नजरेखाली मुलांकडून जोडून घ्यावा, आणि त्याची नोंदवही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. ते विमान उडेल तेव्हा उडेल. परंतु आपल्या सहीचा नट आभाळात दुसऱ्याचा जीव धरून ठेवणार आहे, ही जाणीव त्या मुलांना हाती पाना असतानाच होईल, आणि ती पुस्तकातून देता येत नाही.